गूळपाण्यातली घाटराणी

बारागाड्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना आधी सांगून टाकतो, नाहीतर मधेच कुणीतरी विचारेल आणि माझा ताल जाईल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, उन्हं कलली की, बारा बैलगाड्या एकीमागे एक दोरखंडांनी बांधायच्या. बैल एकाही गाडीला नाही. गाड्यांत गाव बसतं, म्हातारे, पोरंटोरं, माहेरी आलेल्या लेकींचे नवरे, ज्याला जागा मिळेल तो. मग मरीमातेचा भगत पहिल्या गाडीला आपल्या कमरेचा लोखंडी आकडा अडकवतो आणि देवळापासून गावदरवाजापर्यंत त्या ओढत नेतो. माणूस ओढतो, बैल नाही.

शहाणी माणसं विचारतात, मागून गाड्या कुणी ढकलत नाही का? ढकलतात की! त्यात लपवायचं काय? पण रीत अशी आहे की भगताच्या पहिल्या हिसक्याने चाक हललं, तरच मागच्यांनी गाडीला हात लावायचा. चाक हललं नाही तर देवी रुसली. मग गाव रुसतं, आणि गाव रुसलं की देवीपेक्षा वाईट. शिवाय एकदा गाड्या सुटल्या की भगत पुढे आणि अख्खं गाव चाकांवर त्याच्या मागे. त्याचा पाय अडखळला तर पहिलं चाक त्याच्याच अंगावरून जाणार. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून धरणारे दोन गडी असतात, त्यांना बगले म्हणतात. डावा बगल्या मी, अभिमन. उजवा बगल्या जीवराम. आणि भगत होता तोतारामआबा.

नशिराबादच्या अलीकडे आमचं गाव. साल चोपन्न. त्या साली माघात तोतारामआबांना मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना अंगातलं सगळं घेऊन गेला. मिशा फुटल्यापासून बारागाड्या ओढणारा माणूस, ओट्यावरून उतरताना भिंत धरायला लागला. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. धुरपदाबाई, म्हणजे त्यांची बायको, दुधाचा पेला पुढे करायची आणि ते तो माझ्याकडे सरकवायचे. मी पिऊन टाकायचो. मला काय, मी खाण्यापिण्यात कधी भीड ठेवली नाही.

जीवरामला मात्र ऊत आला होता. अंगाने रेडा, आणि तोंडात सदा एकच जप: "भगत थकला. आता देवीलेच नवा भगत लागीन." नवा भगत म्हणजे कोण, हे तो सांगत नव्हता. फक्त सदऱ्याची बाही वर करून दंड खाजवायचा. एकदा पारावर मी त्याला सरळ म्हणालो, "जीवराम, तुह्या दंडाले गजकर्ण झालं का रे?" पारावरचे सगळे हसले. जीवराम हसला नाही. त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. ज्याच्याबरोबर एका माणसाचा जीव दोन बाजूंनी सांभाळायचा, तोच माझ्याशी बोलेना.

आखाजीला तोतारामआबांची लेक मंजुळा माहेरी आली आणि तिला सोडायला जावई आला, छगन. हा धुळ्याकडचा. धुळ्याहून आग्रा रोडने इंदूरपर्यंत लॉरी चालवायचा. कापसाच्या गाठी घेऊन जायचा, येताना मिळेल ते आणायचा. उंच, किडकिडीत, गळ्यात लाल रुमाल, आणि बोलण्यात जिकडेतिकडे 'आहे'ला 'शे'. आमच्या गावच्या बायका पदर तोंडात धरून त्याचं 'शे' ऐकायला यायच्या. तोही बेटा वाढवून वाढवून बोलायचा. मला तो पहिल्याच दिवशी आवडला. जावयाने असंच असावं, आल्या घरी गंमत यावी.

दुपारी जेवणं झाली. आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या, पोरी झोक्यावर गाणी म्हणायला गेल्या. आखाजीला पत्ते खेळले तरी कुणी कुणाला रागवत नाही, म्हणून आम्ही ओट्यावर डाव मांडला. छगन डाव हरत होता आणि हसत होता. मी म्हटलं, "पाव्हने, रातभर लॉरी हाकून आले, झोप नही येत का तुम्हाले?"

त्याने खिशातून तपकिरीची डबी काढली आणि उघडून माझ्या नाकाखाली धरली. तपकीर नव्हती. पांढऱ्या चपट्या गोळ्या होत्या, मधे एक चीर पाडलेल्या.

"हाई शे ना! हाई पोटमा गई का झोप गावना बाहेर."

"नाव काय हिचं?"

तो असा खूश झाला, जणू मी त्याच्या घोडीची विचारपूस केली. म्हणाला, कोणतं नाव सांगू? सासरी गेलेल्या पोरीला नवं नाव देतात ना, तसं हिला दर मुक्कामाला नवं नाव. धुळ्याच्या नाक्यावर हिला 'जागल्या' म्हणतात, कारण ती रात्रभर पहारा देते. शिरपूर सोडून बिजासनीच्या घाटाला लागलं की हीच 'घाटराणी'. इंदूरकडचे ड्रायव्हर 'पंजाब मेल' मागतात. लढाईवरून आलेले शिपाई 'पलटणीची साखर' म्हणायचे, त्यांनीच ती पहिल्यांदा आणली. कॉलेजातली पोरं 'पासगोळी' म्हणतात, परीक्षेच्या दिवसांत तिला फार भाव. आणि तमाशातली माणसं! ती म्हणतात 'सकाळ'. वग लांबला, नाच्याचे पाय जड झाले, की तो कनातीआड येऊन म्हणतो, "एक सकाळ दे रे."

हे ऐकून मला तर शहाराच आला. कुणीतरी किती दमलं असेल तेव्हा असं नाव सुचलं असेल!

गोळीची रूपंही त्याने सांगितली. कुणी ती कुटून विड्याच्या कागदात बांधतं, ती 'पुडी'. सर्दीवर हुंगायची एक नळी येते, तिच्यात याच जातीचं औषध असतं, तिला म्हणायचं 'बत्ती', आणि बत्ती घातलेल्या चहाला तर नावच नाही, हॉटेलवाला नुसता डोळा मारतो. मी विचारलं, पोलीस धरत नाहीत? छगन म्हणाला, दारूबंदी दारूला आहे, हिला वास ना रंग. कुठे मिळते विचारलं तर नुसता हसला.

"जोर येतो का पण हिच्यानं?" मी सहज विचारलं. खरंच सहज विचारलं हो.

"जोर?" छगन म्हणाला. "अभिमनभाऊ, एक गोयी खाई का अख्खी लॉरी ढकलीसन घाट चढाडी देऊ अशी वाटस!"

तेवढ्यात आतून तोतारामआबा बाहेर आले. बारागाड्यांच्या दिवशी भगताला उपास. अंगाला हळद लावली होती, पांढरं धोतर, पायात घुंगरू. उंबरा ओलांडताना त्यांचा पाय लटपटला आणि घुंगरू वाजले. एवढंच. पण ओट्यावरचा डाव तिथेच मोडला. छगनने डबी मिटून खिशात टाकली आणि सासऱ्याच्या पायांकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. छगन स्वयंपाकघरात गेला आणि सासूला विचारलं, आबा आज काहीच घेणार नाहीत का? धुरपदाबाई तव्यापुढे घामाघूम. ती म्हणाली, "देवीपुढचं गूयपानी तेवढं तोंडाले लावतात, बाकी कायी नही." छगनने तेवढंच ऐकलं. देवळात मरीमातेपुढे तांब्या ठेवलेला होता, गुळाचं पाणी, वर तुळशीचं पान. देवळात त्या वेळी कुणी नव्हतं. छगनने डबीतल्या गोळ्या अंदाजाने काढल्या, चुरल्या आणि तांब्यात ढवळल्या. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा मान राहील, सासर सुखी होईल, आणि देवीला काय कळतंय.

जावयाला आमची रीत ठाऊक नव्हती. 'तोंडाला लावतात' म्हणजे नुसतं लावतात! भगत तांब्या ओठाला टेकवतो, थेंबही पीत नाही, आणि बगल्यांना देतो. ज्यांच्या हातात आपला जीव द्यायचा त्यांचं तोंड गोड करायचं, अशी ती रीत. अर्धा तांब्या डाव्याने प्यायचा, अर्धा उजव्याने.

तर प्यायलो. मी जरा जास्तच प्यायलो, कारण ऊन मी म्हणत होतं. मला ते कडवट लागलं, पण मी म्हटलं तांब्याला कल्हई नसेल. जीवरामने उरलेलं घटाघटा रिकामं केलं आणि माझ्याकडे न बघता मिशी पुसली.

मग वाजतगाजत गावाला फेरा. ढोल पुढे, भगत मधे, आम्ही दोघं बाजूला, मागे सगळं गाव. फेरा अर्धा झाला असेल नसेल आणि मला काहीतरी व्हायला लागलं. आधी तोंड कोरडं पडलं. मग ढोलाची एकेक टिपरी सुटी ऐकू यायला लागली. आबांच्या पायातले घुंगरू तर मला मोजता आले असते. ऊन होतं ते छान वाटायला लागलं. गावातली सगळी माणसं मला एकदम फार चांगली वाटायला लागली, अगदी आमच्या बांधावरून दरसाल भांडणारा पितांबरसुद्धा. मी त्याला वाटेत मिठी मारली. तो घाबरून मागे सरला. आणि काय सांगू, माझं तोंड सुटलं! मी आबांना सांगत होतो की आज बारा कशाला, चोवीस गाड्या आणा. हे मी सांगतोय तोवर पलीकडून कुणीतरी त्याच्याही वरच्या आवाजात ओरडलं, "पन्नास आना!" तो जीवराम होता. डोळे हे एवढे मोठे.

"अभिमन!" तो आबांच्या पाठीमागून मला म्हणाला. महिनाभर अबोला धरलेला माणूस! "अभिमन, भाऊ, आज मले असं वाटतं, मी हा डोंगर उचलू शकतो!"

"कोन्ता डोंगर?"

"कोन्ताबी सांग!"

मला वाटलं, आली. आजवर देवी भगताच्या अंगात येते म्हणून ऐकत होतो. आज ती आम्हा दोघांच्या अंगात आली. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मी जोराने ओरडलो, "मरीमाता की जय!" आणि गावाने अशी साथ दिली की पारावरच्या पिंपळातले बगळे उडाले.

गाड्या उभ्या होत्या. माणसांनी खच्चून भरलेल्या. पहिल्या गाडीत पुढे मानाच्या जागी जावई म्हणून छगनला बसवलं होतं. आबांनी गाड्यांना प्रदक्षिणा घातली, पण प्रत्येक चाकापाशी थांबून. मी त्यांचा दंड धरला तेव्हा तो मला चिपाडासारखा लागला. त्यांनी आकडा अडकवला, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल असं, "पोरांहो, आज माह्यानं नही होनार."

हे ऐकून एरवी माझी छाती फुटली असती. त्या दिवशी मी हसलो! जीवरामही हसला. आम्ही दोघांनी त्यांच्या काखेत हात घातले, एकमेकांकडे पाहिलं, आणि हिसका दिला.

देवाशपथ सांगतो, चाक हललं. चरचरलं, कुरकुरलं आणि हललं. मागच्यांनी अजून हात लावला नव्हता, ते तर तोंड उघडं टाकून बघत होते. मग एकच आरोळी उठली आणि त्यांनीही जोर लावला. गाड्या सुटल्या. बारा गाड्यांचा तो खडखडाट, धूळ, ढोल, गुलाल, वरून पोरांच्या किंकाळ्या! आबांचे पाय जमिनीला लागत होते की नाही कुणास ठाऊक, आम्ही त्यांना हवेतच नेत होतो. चढ आला, मारोतीच्या पाराजवळचा. दरसाल तिथे गाड्या मंदावतात. आम्हाला तो चढ आहे हेच कळलं नाही. बायका गच्च्यांवरून ओरडत होत्या. मी आयुष्यात तेवढा आनंदी कधी नव्हतो, लग्नातसुद्धा नाही.

गावदरवाजा आला. तिथे हळदीची रेघ असते, तिथे थांबायचं. आम्ही रेघ ओलांडली.

आबा ओरडत होते. मला वाटलं ते जय म्हणताहेत, म्हणून मीही जय म्हणालो. ते "थांबा रे, थांबा रे" म्हणत होते. दरवाजाच्या पुढे नाल्यापर्यंत सरळ उतार आहे. मागच्यांनी केव्हाच हात काढले होते, पण आता गाड्यांना कुणाची गरज नव्हती. उतारावर त्या आपोआप पळत होत्या आणि पहिलं चाक आबांच्या टाचांमागे वीतभर होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच, आणखी पळू, नाल्यापलीकडे पळू, पार वाघूर नदी ओलांडू.

आमचे डोळे छगनने पाहिले असावेत. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, त्याला कळलं, कारण त्याने असे डोळे रोज आरशात पाहिले होते. त्याने पळत्या गाडीतून उडी टाकली, पडला, उठला, दरवाजाकडेचा एक लाकडी ओंडका उचलला आणि धावत येऊन पहिल्या गाडीच्या चाकाखाली कोंबला. घाटात ब्रेक गेला की चाकाला ओट लावतात, तसा. त्याच दमात त्याने आबांच्या कमरेचा आकडा गाडीतून उपसला. चाक ओंडक्यावर चढलं, घसरलं आणि अडकलं. गाडी आडवी झाली, दुसरी तिच्यावर आदळली, तिसरी दुसरीवर, आणि पोत्यातून शेंगा सांडाव्यात तशी माणसं सांडली. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचा दात गेला. जिवाला कुणाच्या धक्का लागला नाही. छगनच्या डाव्या हाताची कातडी मात्र ओंडक्याखाली सोलून निघाली.

आणि आम्ही? आम्हाला आकडा निघून गाड्या मागे राहिल्याचा पत्ताच नव्हता! आम्ही दोघं आबांना घेऊन नाल्याच्या वाळूपर्यंत पळत गेलो आणि वाळूत पाय रुतले तेव्हा कुठे थांबलो.

आबा वाळूत बसले. छाती भात्यासारखी हलत होती. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले.

"आली रे," ते म्हणाले. "अभिमन, आली! इतके साल ओढल्या, दरसाल सांगितलं अंगात येते म्हनून. कधी नही आली रे ती. मी नुसता ओढे, कमर मोडेपर्यंत ओढे. आज पहिल्यांदा आली. फुलासारख्या आल्या गाड्या माह्या मागं!"

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. जीवरामनेही ठेवलं, आणि मग त्याचं जे तोंड सुटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मिटलं नाही. त्याने सगळ्या गावापुढे, कुणी न विचारता, सांगून टाकलं की मारोतीच्या चढावर आबांचा हात सोडून द्यायचा त्याचा बेत होता. आबा गुडघ्यावर येतील, गाड्या थांबतील, मान त्याच्याकडे येईल. "पन देवीनं माह्या हात घट्ट धरला हो," असं म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होता. मग त्याने आपल्या बायकोबद्दल, भावाबद्दल, सासऱ्याच्या म्हशीबद्दलही बरंच सांगितलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

रात्र कशी गेली ते विचारू नका. डोळा मिटत नव्हता. सकाळी अंगात लाकडं भरल्यासारखी झाली, काल चांगली वाटलेली सगळी माणसं परत होती तशी झाली, आणि कारण नसताना मी उदास झालो. तसाच तोतारामआबांकडे गेलो.

आबा ओट्यावर बसले होते. पाय सुजून खांबासारखे झालेले, ओठ निळसर, पण तोंडावर असं तेज की मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. धुरपदाबाई गरम पाण्याने पाय शेकत होती आणि डोळे पुसत होती. मंजुळा दारात उभी होती. छगन हाताला फडकं बांधून खाली पायरीवर बसला होता, जायला तयार, लॉरी जळगावात उभी होती.

"अभिमन," आबा म्हणाले, "पुढच्या आखाजीले मीच ओढनार. जीवराम येऊन सांगून गेला, म्हने मरेपर्यंत मान तुमचाच. चौदा गाड्या जोडू. ती हाये ना आता संगं."

धुरपदाबाईचा हात पाण्यातच थांबला. छगन उठला. त्याने एकदा मंजुळाकडे पाहिलं, एकदा सासऱ्याच्या पायांकडे. मग म्हणाला, "आबा, देवी नव्हती ती."

"काय म्हनता जवाईबुवा?"

"मी गूयपानीमा गोया टाक्यात. तुम्हले जोर ये म्हनीसन. माले काय माहीत, तुम्ही पेतस नही ते! ह्या दोन्हीसनी पी टाकं." त्याने डबी काढून ओट्यावर ठेवली. "काल गाडीमातून मी पाह्यं, आनी माले समजनं, हाई तुम्हना पोटमा जाती तर आज मी तुम्हले खांदा देतू."

माझा हात उठला होता. खरंच सांगतो, जावई गावचा म्हणून थांबलो, नाहीतर त्याच पायरीवर लोळवला असता. माझ्या अंगात आलेली मरीमाता ह्याच्या तपकिरीच्या डबीतली! मला लाजही वाटली आणि रागही आला.

आबांच्या चेहऱ्यावरचं तेज गेलं. मला तिकडे बघवेना. ते म्हणाले, "मंग मी नही ओढल्या."

"नही, आबा."

"आनि ती आलीच नही."

छगनने मान खाली घातली.

आबांनी डबी उचलली, एक गोळी तळहातावर घेऊन पाहिली. "जोर येतो ना हिच्यानं?"

"जोर नही येत," छगन म्हणाला. "काल मी अभिमनभाऊले फुकटनी बढाई सांगी. लॉरीमा काटा ऱ्हास, इंजिन तापनं का चढस. हाई गोयी तो काटा बंद करी देस. इंजिन उकयी राह्यनं तरी तुम्हले वाटस, बठ्ठं ठीक शे. मना एक जोडीदार असाच घाटमा गया. हातमा स्टेरिंग, डोया उघडा, आनी गाडी दरीमा."

दारात मंजुळाचा श्वास ऐकू आला. ती म्हणाली, "मले सांगितलं व्हतं, डोकेदुखीच्या गोय्या हायेत."

मला वाटलं आता आबा भडकतील. देवी हिरावली, गावापुढे हसं होणार, वर हा जावई. पण ते डबीकडे बघतच राहिले. मग आवाज न चढवता विचारलं, "तू रोज खातो?"

"रोज नही. घाट ऱ्हास तवय."

"घाट कव्हा नसतो?"

घाट रोजच होता.

आबांनी कमरेचा करगोटा सोडला. आकडा त्यातच बांधलेला होता, त्यांच्या बापाच्या हातचा. तो त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. "हा जीवरामले नेऊन दे. मान त्याचा. सांग त्याले, गूयपानी स्वतःच्या हातानं कालवजो." धुरपदाबाई काही म्हणणार होती, त्यांनी हात केला. मग डबी छगनपुढे धरली. "मी माह्या गाड्या सोडल्या. तू हे सोड."

छगनच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा उंच गडी, लाल रुमालाने तोंड झाकून उभा राहिला. "आबा, मालक इंदूरनी वेळ देस. ती गाठनी पडस. गोयी नही तर मी घाट कसा चढू?"

"थकला का थांबजो," आबा म्हणाले.

"थांबनू तर मालक..."

"मालकाले मी पाहीन. थकला का थांबजो. बाजूले लाव गाडी, आनि झोप."

छगन तिथेच पायरीवर बसला. मंजुळाने आतून घोंगडी आणून ओट्यावर टाकली आणि त्याला हाताला धरून उठवलं. तो आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. आबा आपल्या सुजलेल्या पायांनी सरकत त्याच्या उशाशी गेले आणि पंख्याने त्याला वारा घालू लागले.

मी आकडा हातात घेऊन उभा होतो. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या काखेत हात घालून पळालो होतो. त्याची कमर मोडत होती हे माझ्याच हाताला कळत होतं. आम्ही ढोल बडवले, गुलाल उधळला, जय म्हणालो. थांब म्हणून त्याला एकदाही कुणी म्हणालं नव्हतं. मी तोंड भिंतीकडे केलं आणि पोरासारखा रडलो.